गळ्यातला माइक

"जेवलीस का गो?" असं कुणीतरी विचारलं आणि निशिगंधानं आधी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, पहिली 'ब'ची पोरं रिकामे डबे दप्तरात कोंबत होती, कुणाचं तरी लोणचं सांडलं होतं त्याचा वास वर्गभर सुटला होता, आणि प्रश्न आला होता पहिल्या बाकावरून. तिथं क्रांती बसली होती. कानांमागे गुलाबी यंत्रं, दोन घट्ट वेण्या, आणि मान वर करून ती टीचरच्या तोंडाकडे बघत होती. "यस, यस. सिट प्रॉपरली," निशिगंधा सवयीनं म्हणाली आणि फळ्याकडे वळली. तारीख लिहिली, खाली 'मॅथ्स' लिहिलं आणि खडू तसाच टेकवून उभी राहिली. एक तर त्या पोरीनं वर्गात आजपर्यंत कुणाला काहीही विचारलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे ते शब्द तिचे नव्हतेच. ते निशिगंधाचे होते, या शाळेत तिनं कधी कुणासमोर न काढलेले. पोरीनं ते नुसते म्हटले नव्हते, शेवटचा 'गो' जरा लांबवून, लाडानं, अगदी निशिगंधा लांबवायची तसा लांबवला होता. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. गळ्यात निळ्या दोरीला तो छोटा माइक लटकत होता.

आता तो माइक म्हणजे काही शाळेचा नव्हता. करंजाड्यातली ही खाजगी इंग्रजी शाळा, तिथं खडूसुद्धा मोजून मिळायचा. क्रांतीची जागा सरकारी कोट्यातली, तिची फी सरकार भरायचं, कानामागची यंत्रं योजनेतली, टीचरचा आवाज थेट त्या यंत्रांत पोचवणारा, गळ्यात घालायचा हा माइकही योजनेतला, आणि तो कसा वापरायचा ते शिकवायला येणाऱ्या शर्मिला मॅडमही सरकारीच. त्या पार दिघ्याहून स्कूटी हाणत यायच्या, शाळा शाळा फिरायच्या, कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कधी असल्या खाजगीत. पहिल्यांदा आल्या तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं होतं, सरकारची बाई आपल्याकडे काय तपासायला आली म्हणून. बसायला जागा दिली ती जिन्याखाली, खेळाच्या सामानाच्या खोलीशेजारी. शर्मिला मॅडमना त्याचं काही नव्हतं. "अहो, मी झाडाखाली शिकवलंय, शौचालयाच्या पायरीवर शिकवलंय. इथं तर पंखा आहे!" असं म्हणून त्यांनी डब्यातून रंगीत मणी काढले होते. क्रांतीच्या पाठीमागे उभं राहून त्या टाळी वाजवायच्या, घंटी वाजवायच्या, नुसतं "बा" म्हणायच्या, आणि आवाज आला की पोरीनं बोट कानाला लावायचं आणि एक मणी वाटीत टाकायचा. निशिगंधाला ते बघायला इतकं आवडायचं की ती तासाच्या मधून पाणी प्यायच्या निमित्तानं खाली जायची. त्याच मॅडमनी तिला पनवेलच्या सरकारी प्रशिक्षणालाही नेलं होतं. खाजगी शाळेतल्या टीचरला शिकवायचं कसं हे कुणीतरी शिकवतंय, तेही फुकट आणि वर जेवण घालून, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. ती तिथून घरी आली तेव्हा इतकी खुशीत होती की विपुल, तिचा नवरा, म्हणाला होता, "काय गं, पिकनिकला गेलतीस का?"

पण शर्मिला मॅडमची एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. "टीचर, ही उत्तर देते. हे काय विचारलं की 'बॉल' म्हणते, रंग कोणता विचारलं की 'रेड' म्हणते. घरी आईलाही असंच. पण ती विचारत नाही. एकदाही नाही. जे पोर विचारत नाही ना, त्याला बोलता येतं असं मी म्हणणार नाही. आपण बटण दाबतो आणि आवाज येतो, एवढंच झालं ते." हे सांगताना त्यांचा नेहमीचा हसरा चेहरा जरा उतरला होता. आणि आता उद्या बैठक होती. प्रिन्सिपल वैजयंती मॅडम, शर्मिला मॅडम, पोरीची आई आणि क्लास टीचर म्हणून निशिगंधा. पुढच्या वर्षी क्रांतीला इथंच ठेवायचं की लांबच्या खास शाळेत घालावं असं पालकांना सुचवायचं, हे ठरायचं होतं. वैजयंती मॅडमनी आपल्या बाजूनं जवळजवळ ठरवलंच होतं. बाई वाईट नव्हत्या. "तिचंच नुकसान होतंय, निशी. वर्गात बसते, पण एकटीच," असं त्या म्हणाल्या होत्या आणि ते काही खोटं नव्हतं. खेळाच्या तासाला पोरं तिला घेऊन पळायची, ती त्यांच्यात उभी राहायची, कुणी हात धरला तर पळायची, सोडला तर थांबायची. निशिगंधाला ते बघवायचं नाही. ही पोर आपल्याच वर्गात राहावी असं तिला फार वाटायचं, पण का राहावी हे सांगायला तिच्याकडे एकही मुद्दा नव्हता. आज दुपारपर्यंत नव्हता.

फळ्यावर बेरजा लिहिता लिहिता तिनं मनातल्या मनात मागं जायला सुरुवात केली. रोज मधल्या सुट्टीत पोरं वर्गात डबे खायची, मावशी त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या आणि निशिगंधा जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहायची. तिथून पलीकडच्या टेकडीचा कापलेला भाग दिसतो आणि वारा येतो. तिथून ती माहेरी जासईला आयला, म्हणजे आईला, फोन लावायची. "आय, जेवलीस का गो?" हे पहिलं वाक्य. मग गुडघा, मग शेजारणीची सून, मग दारावरून जाणारे कंटेनर आणि त्यांची धूळ. त्या तेवढ्या वेळात ती आगरीत बोलायची. बाकी दिवसभर नाही. सासरी थोडंफार, पण विपुलच्या घरात सगळे शहरी झालेले, तिथंही जीभ जपूनच. शाळेत तर ती निशी मॅम. लहानपणी जासईहून पनवेलच्या शाळेत गेली तेव्हा ती 'पानी' म्हणाली आणि बाईंच्या ओठांवर जरासं हसू आलं, वाईट नव्हे, नुसतं हसू, आणि त्या रात्री तिनं चुलीपुढं बसून 'पाणी, पाणी' असं किती वेळा घोटलं होतं. बाप, गोटीराम, म्हणाला होता, "काय गो, तहान लागलीय काय?" सगळे हसले होते, तीही हसली होती. पण घोटायचं थांबवलं नव्हतं. जमीन बंदराला गेल्यावर पोरीनं खुर्चीवर बसावं एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि खुर्चीवर बसणाऱ्यांची जीभ वेगळी असते असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आगरीला तिनं जिन्याच्या वळणावर ठेवलं होतं आणि तिथं ती सुखात होती.

आणि तिथं हे ध्यान गळ्यात चालू होतं की काय? छे, ती रोज बंद करायची. शर्मिला मॅडमनी बजावलं होतं, वर्गाबाहेर पाऊल टाकलं की बटण बंद. ती बटण दाबायची, हिरवा दिवा विझायचा, ती जायची. तिनं खडू ठेवला, बटण दाबलं. दिवा विझला. "ओपन युवर बुक्स," असं पोरांना सांगून ती दाराबाहेर गेली, भिंतीआड उभी राहिली आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "क्रांती, वेणी सुटली बघ." मग डोकावून पाहिलं. क्रांतीचा हात वेणीवर होता. रिबन नीट आहे की नाही ते ती चाचपत होती. म्हणजे बटण नुसतं दाबून भागत नव्हतं, दाबून धरायचं होतं, दिवा आपला झोपायचा आणि माइक जागा राहायचा. मॅडमनी ते नक्की सांगितलं असणार आणि तेव्हा आपण मण्यांकडे बघत बसलो असणार. पहिला विचार आला तो टॉयलेटचा. अरे देवा! ती भिंतीला टेकून एकटीच लाल झाली आणि मग हसायला लागली. मग आठवलं, वैजयंती मॅडमबद्दल आयला काय काय सांगितलंय. "मोठ्या बाईचा तोंड बग तं, सुका बोंबील!" असं ती म्हणाली होती आणि दोघी मायलेकी खोखो हसल्या होत्या. हसू तिथल्या तिथं आटलं. आणखी काय? जूनमध्ये ती आयला म्हणाली होती, असली पोर मना नाय जमनार, दुसऱ्या वर्गात टाका म्हनून सांगते. ते? ते कधी? तिनं महिने मोजले. माइक आला गणपतीनंतर. जूनमध्ये गळ्यात काही नव्हतं. "वाचले ग बाई," ती मोठ्यानं म्हणाली, आणि आत क्रांतीनं पुन्हा मान वर केली.

त्या मान वर करण्यानं तिला एकदम रुमाल आठवला. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कुठला तरी दिवस. गोटीराम जाऊन काही महिने झाले होते. तिनं नेहमीसारखं विचारलं. आय म्हणाली, दोन ताटं घेतली गो मी आज, हात जातो सवयीन, आता दोन्ही तशीच हायेत. निशिगंधा म्हणाली, "तू जेव गो. मी हाय." आणि फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून ताटाचा आवाज येत राहिला आणि इकडे ती भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता, म्हणजे तिला वाटलं तसं, रडत राहिली. डोळे पुसून, पावडर लावून वर्गात आली. कुणाला काही कळलं नव्हतं. फक्त क्रांती उठून टेबलापाशी आली होती आणि आपला रुमाल, सेफ्टी पिन लावलेलाच, टेबलावर ठेवून परत गेली होती. निशिगंधाला वाटलं, सापडला म्हणून दिला असेल. तिनं "थँक यू" म्हणून तो परत तिच्या फ्रॉकला टाचून टाकला होता. आता बेरजांच्या तासाला तिला कळलं. शाळेत कुणालाच ऐकू गेलं नव्हतं, बाकीच्या सगळ्यांचे कान चांगले असून. ऐकू गेलं होतं ते हिला. त्या दिवसापासून आय मात्र रोज पटकन "जेवली, जेवली" म्हणायची आणि विषय गुडघ्यावर न्यायची. निशिगंधालाही ते सोयीचंच होतं.

त्या संध्याकाळी रस्त्यानं जाताना तिला विचित्र वाटत होतं, पण वाईट नाही. इतके महिने आपलं कुणीतरी ऐकत होतं. भाजी घेताना, रिक्षा थांबवताना ती आपल्याच आवाजाकडे लक्ष देत होती. मधेच भीती वाटायची. उद्या पोरगी ते वाक्य सगळ्यांसमोर बोलली तर? आणि मधेच त्याहून मोठी भीती, नाहीच बोलली तर? आपण तिला "यस, यस" म्हणून बसवलं. पहिल्यांदा कुणाला काही विचारलं आणि समोरच्यानं उत्तरच दिलं नाही. परत कशाला विचारील? हे विपुलला सांगावं असं तिला वाटलं, पण तो कंटेनर यार्डातून दमून आला होता आणि सांगायचं म्हणजे टॉयलेटपासून सांगावं लागलं असतं. ती ताटात वाढलेल्या वांग्याकडे बघून उगाच हसली. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," विपुल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये एसी इतका थंड होता की क्रांतीची आई प्रियदर्शिनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून बसली होती. पनवेलच्या एका लॅबमध्ये ती रक्ततपासणीचं काम करायची, अर्धी रजा टाकून आली होती. शर्मिला मॅडमनी चित्रं काढली. क्रांती उत्तरं देत गेली. बॉल. बस. अम्ब्रेला. मॅंगो. एकही चुकलं नाही. आणि प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर केबिनमधलं काहीतरी बंद होत चाललंय असं निशिगंधाला वाटत होतं. वैजयंती मॅडम हळुवारपणे म्हणाल्या, "बघा, हुशार आहे. त्यात वादच नाही. पण शर्मिला मॅडम, तुम्हीच सांगा, संवाद आहे का?" शर्मिला मॅडमनी चित्रं गोळा केली. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "अजून नाही," त्या म्हणाल्या. प्रियदर्शिनी खाली बघत राहिली. निशिगंधा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. कपबश्या वाजल्या, बिस्किटांची प्लेट वैजयंती मॅडमसमोर आली, आणि क्रांतीनं त्यांच्याकडे पाहून, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जेवलीस का गो?"

वैजयंती मॅडमचा चेहरा ताठ झाला. "हे काय? 'जेवलीस'? प्रिन्सिपलला?" त्यांनी प्रियदर्शिनीकडे पाहिलं. "घरी मोठ्यांशी असं बोलता का तुम्ही? अहो, मुलं जे ऐकतात तेच उचलतात. थोडं वळण लावा." प्रियदर्शिनीचे कान लाल झाले. "न्हाई मॅडम. आमी जालन्याकडचे, आमच्यात 'गो' म्हनतच न्हाईत. तिचे पप्पासुद्धा तिला कधी अरेतुरे करत न्हाईत. कुठून उचललं काय म्हाईत." आणि मग, स्वतःचाच राग आल्यासारखं, तिनं पोरीचं मनगट धरून खाली ओढलं. "चुप. असं न्हाई म्हनायचं." क्रांतीनं आईच्या ओठांकडे पाहिलं, मग मॅडमच्या कपाळावरच्या आठीकडे. तिच्या तोंडावरून काहीतरी निघून जाताना निशिगंधाला स्पष्ट दिसलं. ते कुठं जातं ते तिला ठाऊक होतं. ती स्वतः चुलीपुढं बसून ते घालवत होती एके काळी, आणि तेव्हा तिला कुणी नको म्हणालं नव्हतं, कारण ती काय करतेय ते कुणाला कळलंच नव्हतं. शिवाय ही बाई, जी आपल्या पोरीला अहोजाहो करते, ती आपल्यामुळं खाली मान घालून बसली होती. निशिगंधाला स्वतःची एवढी चीड आली की ती उठली, साडीचा विचार न करता क्रांतीसमोर खाली बसली, तिच्या डोळ्यांच्या पातळीत आली आणि म्हणाली, "नाय गो. अजून नाय जेवली. तू जेवलीस का?"

पोरीनं आईकडे पाहिलं, बोलू की नको अशा नजरेनं. निशिगंधा वाट बघत राहिली. वर्गात ती इतकी वाट कधीच बघायची नाही, तिथं पुढचं पान उलटायचं असायचं. एसीचा आवाज येत होता. क्रांतीनं ओठ हलवले, आणि निशिगंधाच्या मनात एकदम आलं, बोंबील! देवा, ते सोडून काहीही बोलू दे. "आयचा गुरघा," क्रांती म्हणाली, एकेक अक्षर नीट ठेवत, "दुकतो का?" निशिगंधाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. "दुकतो गो. थंडीत जास्तच दुकतो." मग तिनं खाली बसूनच वर बघत सांगून टाकलं. हे माझे शब्द आहेत मॅडम, हिच्या घरचे नाहीत. मी आगरी आहे, जासईची, माझ्या आईशी मी असंच बोलते. मी माइक बंद करत नव्हते, मला बंद करता येत नव्हता. आणि आमच्यात आईला 'तू'च म्हणतात, आणि 'गो' म्हणजे काही शिवी नाही, उलट आहे. मराठी तिच्या तोंडून कशी येतेय याचा तिनं त्या वेळी विचार केला नाही.

शर्मिला मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दोन प्रश्न विचारले तिनं," त्या म्हणाल्या, "आणि दुसरा तर माणसाच्या दुखण्याचा. वैजयंती मॅडम, हे मी मणी मोजून दहा वर्षं शिकवलं असतं तरी आलं नसतं. मी हिला शब्द शिकवत होते. टीचर नकळत हिच्या कानात माणसांना बोलायला लावत होत्या. माइक बंद करायचं मीच नीट दाखवलं नाही, आणि बरं झालं." प्रियदर्शिनीनं अजून मनगट धरलेलं होतं, ते तिनं सोडलं आणि तिथं पोरीच्या हातावरून उगाच हात फिरवत राहिली. "मलापन विचारील का ओ ती?" तिनं हळूच विचारलं. वैजयंती मॅडम चहाकडे बघत होत्या. मग त्या जरा बिचकत, पण पोरीकडे वळून म्हणाल्या, "मी... नाही जेवले अजून. एक वाजता जेवते." क्रांतीनं मान डोलावली, समजल्यासारखी. "राहू दे इथंच," वैजयंती मॅडम म्हणाल्या. मग निशिगंधाकडे बघून, आवाज उतरवून, "आणखी काय काय ऐकलंय म्हणालात हिनं?" "फारसं काही नाही मॅडम," निशिगंधा म्हणाली आणि नाक पुसायच्या निमित्तानं तोंड लपवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती जिन्याच्या वळणावर गेली तेव्हा वारा नेहमीसारखाच होता. शर्मिला मॅडमनी तिला बटण दाबून धरायला शिकवलं होतं, दिवा लाल होऊन विझला की खरं बंद. तिनं तसं केलं. खिडकीतून वर्ग दिसत होता. क्रांतीचा पोळीचा घास हातातच राहिला आणि तिनं आजूबाजूला पाहिलं, दिवे गेल्यावर माणूस पाहतो तसं. निशिगंधाला ते सहन होईना. नियम नियमाच्या जागी, असं म्हणून तिनं पुन्हा बटण दाबलं, खिडकीतून पोरीला खूण केली, ये. क्रांती डबा हातात घेऊनच आली. निशिगंधानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे आयनं, यशोदाबाईंनी, उचलला, मागं कंटेनर जात असल्याची घरघर. निशिगंधा काही बोलली नाही. तिनं फोन पोरीपुढं धरला.

"आय, जेवलीस का गो?" क्रांतीनं विचारलं.

पलीकडे घरघर लांब गेली. "कोन गो तू?" यशोदाबाई म्हणाल्या. आवाज आपल्या लेकीचा नाही एवढं त्यांना कळलं होतं, पण विचारणं घरातलंच होतं. निशिगंधा मनात म्हणाली, आता म्हणेल, जेवली, जेवली, आणि गुडघ्यावर येईल. "नाय गो बाय," यशोदाबाई म्हणाल्या. "नाय जेवली. एकटीला नाय जेवन जात." निशिगंधा भिंतीला टेकली. इतके महिने ती रोज विचारत होती, आणि रोज उत्तर येत होतं, आणि ती रोज पुढच्या गोष्टीकडे जात होती. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण क्रांतीची नजर फोनवरून हलली नव्हती. ती आपली वेळ घेत होती. मग तिनं हातातला डबा नीट धरला आणि म्हणाली, "तू जेव गो. मी हाय."

पलीकडून भांड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि क्रांतीनं बोट कानाला लावलं.